बाटलीतले पेट्रोल

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः जळते ती त्याची वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ ते देते. भारतीय मानकानुसार रॉकेलला त्यासाठी निदान ३५ अंश तरी लागतात. (विदर्भाच्या उन्हाळ्यात तेही सहज मिळतात, ही गोष्ट अलाहिदा.) पिढ्यान्‌पिढ्या रॉकेल हाताळताना अंगवळणी पडलेली बेफिकिरी आपण पेट्रोलच्या बाबतीतही चालवावी, हे दुर्दैव होय. हवेहून तिप्पट-चौपट जड असलेली ही वाफ जमिनीलगत पसरते, जिन्याखाली साचते आणि पलीकडच्या खोलीतल्या समईवर पेटून ज्वालेच्या रूपाने त्याच वाटेने बाटलीकडे परतते.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा घरगुती वापरासाठी परवान्याविना ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगू देतो. पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या वा धातूच्या भांड्यात, आणि काचेचे भांडे एक लिटरहून मोठे नको. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल भरून ती मोरीत ठेवणाऱ्या सुशिक्षिताला हे सांगावे कोणी?

शाळांतही काळजी वाटावी अशीच एक सवय आहे. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला असे समजून शिक्षक बाटलीतून स्पिरिट ओततात; बाटलीच पेट घेते, आणि समोर मुले दाटीने उभी असतात. प्रयोगशाळेच्या तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवहीतील सह्यांआधी स्पिरिटची बाटली कोठे ठेवली आहे, हे पाहावे.