सलग पंधरा मिनिटं

मैत्रिणींनो,

'मोर्चे, निवेदनं, कोर्टाच्या तारखा सोडून तू रंग कसले खेळतेस?' गेल्या महिन्यात बैठकीत एकीनं मला विचारलं. हसत विचारलं, पण प्रश्न खरा होता. गेले आठ महिने मी दर शनिवारी दुपारी जलरंगाच्या वर्गाला जाते आहे. तिथे जे कळलं ते आपल्या कामाचं आहे, म्हणून यावेळी त्याविषयीच लिहिते.

आधी जलरंगाचा स्वभाव सांगते. यात पांढरा रंग सहसा लावत नाहीत; कागदाचा पांढरेपणाच उजेड म्हणून राखायचा. फिकटाकडून गडदाकडे जायचं. आकाशाचा एकसारखा वॉश द्यायचा तर कागद थोडा तिरका ठेवायचा आणि ओली कड वाळायच्या आत रंग वरून खालपर्यंत आणायचा. मध्येच उठलात की तिथे रेघ वाळते. परत येऊन ओला ब्रश टेकवलात की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. तो सहजी जात नाही. थोडक्यात, या रंगाला सलग पंधरा मिनिटं लागतात.

आणि नेमकी तीच आमच्यापैकी कुणाकडे नव्हती! वर्गात आम्ही अकराजणी. कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त नर्स, कुणी घर सांभाळणारी. बहुतेकींनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या. त्यानंतर वीस-तीस वर्षं हात चालला तो रांगोळीत, रुखवतात, मुलांच्या प्रकल्पांच्या वह्यांत. स्वतःसाठी नाही. घरून सराव करून आणला की प्रत्येकीच्या आकाशात रेघा. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सासूबाईंची गोळी, 'माझा शर्ट कुठाय?' आमच्या बाई नुसता कागद बघून सांगतात, 'इथे उठलात. इथे परत उठलात.'

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनमोल कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांची, आजाऱ्यांची देखभाल यात नाही. ती वेगळी मोजतात. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून नव्हे. त्यांचीही नऊ कमीच झाली! शिवाय सरासरी सांगते की वेळ किती गेला. उरलेल्या वेळाचे किती तुकडे झाले, ते ती सांगत नाही. ते आमच्या कागदांवर दिसतं.

छंदाला बाईच्या आयुष्यात जागा नव्हती असं नाही. जागा होती, पण शोभेची. इंग्लंडात एकेकाळी सुखवस्तू घरातल्या मुलींना जलरंग हौसेनं शिकवत, चारचौघांत दाखवायला आणि लग्न जमवायला. पण १७६८ साली लंडनची रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या, आणि त्यानंतर स्त्रीला तिथे पूर्ण सदस्य म्हणून निवडून यायला लॉरा नाइटपर्यंत, १९३६ पर्यंत, थांबावं लागलं. शिकण्याला हरकत नव्हती. तिनं ते मनावर घेण्याला होती.

आमच्यातली एक दिवाळीनंतर यायची थांबली. फी भरलेली होती. तिला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही, 'जाऊ नको' असंसुद्धा म्हटलं नाही. फक्त दर शनिवारी दोनच्या सुमाराला घरात काहीतरी निघायचं. आपल्या केंद्रातल्या तक्रारींच्या नोंदवहीत हिच्यासाठी रकाना नाही. तो असायला हवा, असं मला वाटतं.

मात्र इथे एक प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा. माझे शनिवारचे दोन तास कुणाच्या हातांनी मोकळे होतात? वर्गातल्या कित्येकींच्या घरी त्या वेळी धुणं-भांडी दुसरी बाई करत असते. तिचा शनिवार कुठे आहे? १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला, त्याला निमित्त झालं ते आजारपणात रजा घेतलेल्या एकीला कामावरून काढण्याचं. पगारी सुट्टी ही त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यानं नोंदणी आणि कल्याणाच्या योजना दिल्या. आठवड्याची सुट्टी मात्र अजून तिला मालकिणीच्या मर्जीवरच मिळते. मोकळा वेळ एका बाईकडून दुसरीकडे ढकलला, तर घरातला पुरुष पेपर वाचत बसलेलाच राहतो.

म्हणून त्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. पगार, घर, सुरक्षितता यांच्यासाठी आपण लढतो, ते लढतच राहू. पण 'कामं आटोपली की बस' या अटीवर मिळालेला वेळ हक्काचा नसतो, कारण कामं आटपत नाहीत. आठवड्यातले दोन तास, ठरलेले, सलग, कुणालाही कारण न सांगता घेतलेले, हीसुद्धा मागणी आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच करावं. कालच्या दिवसात स्वतःसाठीचा सर्वात लांब सलग वेळ किती मिनिटांचा होता, आणि तो कशानं तुटला, हे प्रत्येकीनं चिठ्ठीवर लिहावं. वस्तीतल्या गटांनी, कामगार मैत्रिणींनी जरूर लिहावं. नावाची गरज नाही. चिठ्ठ्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुमची,
संपादक