शंभर मीटर कोण मोजणार?

कर्नाटकात दारूच्या दुकानाला परवाना देताना काय पाहायचं, हे १९६७ च्या अबकारी परवाना नियमांत लिहून ठेवलेलं आहे. त्यातला पाचवा नियम अंतराचा. धर्मस्थळ, शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी यांच्यापासून १०० मीटरच्या आत दुकान नको. असे नियम कमीजास्त फरकाने सगळ्याच राज्यांत असतात. पण याच नियमात पुढे आणखी एक अट आहे आणि बंगळुरूत वर्षानुवर्षं राहिलेल्या, शिकलेल्या माणसांनाही ती सहसा ठाऊक नसते. जिथे प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमातींचे लोक राहतात, अशा रहिवासी वस्तीत दारूचा परवाना देता येत नाही.

सुचवायचं म्हणून सुचवलेलं हे धोरण नाही. अबकारी कायद्याखालचा हा नियम आहे, सरकारवर बंधनकारक. आता हे वाक्य मनात धरून शहरातल्या दलित वस्त्यांमधून फिरून या. कित्येक ठिकाणी वस्तीच्या तोंडाशी, बसथांब्याच्या अलीकडे, बांधकामावर आणि सफाईच्या कामावर जाणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर दुकान दिसतं. मग परवाना दिला कसा? फाईल उघडली तर तिथे सगळं ठीकठाक असतं. वस्ती आत आहे आणि दुकान 'मेन रोड'वर आहे, म्हणून ती जागा रहिवासी नाही, व्यापारी आहे. 'प्रामुख्याने' म्हणजे शेकडा किती, हे नियम सांगत नाही. वस्तीची हद्द कुठून कुठपर्यंत धरायची, तेही सांगत नाही. एक गल्ली धरली तर लोक प्रामुख्याने दलित ठरतात, अख्खा वॉर्ड धरला तर ठरत नाहीत. हे ठरवतो जागेची पाहणी करून अहवाल लिहिणारा अधिकारी, आणि तो अहवाल वस्तीतल्या कुणाला दाखवला जात नाही.

मोजण्याचंही तसंच. अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दारापासून शाळेच्या जवळच्या फाटकापर्यंत, पायी माणूस ज्या वाटेने जातो त्या वाटेने मोजतात. शाळेचं रस्त्याकडचं फाटक बंद ठेवून मागचं उघडलं की दुकान कायदेशीर होतं. पत्र्याच्या खोलीत भरणारी अंगणवाडी शिक्षणसंस्था धरायची का? कागदोपत्री नोंद नसलेली मारम्माची गुडी किंवा एका खोलीतला बुद्धविहार धर्मस्थळ धरायचं का? मोजपट्टी ज्याच्या हातात, उत्तर त्याचं.

परवान्यांचे प्रकार समजून घेतले तर पुढचं लक्षात येईल. सीएल-२ म्हणजे सीलबंद बाटली विकणारं दुकान. तिथे बसून किंवा उभं राहून पिण्याची परवानगी नाही. सीएल-९ म्हणजे बार, सीएल-७ म्हणजे राहण्याची सोय असलेलं हॉटेल, सीएल-४ म्हणजे क्लब. वस्तीच्या तोंडाशी असतं ते बहुधा सीएल-२, आणि संध्याकाळी तिथेच पाण्याची पाकिटं आणि प्लास्टिकचे पेले मिळतात. म्हणजे परवाना बाटली विकण्याचा आणि धंदा बारचा. त्या वेळी शिकवणीहून परतणाऱ्या मुली कुठल्या रस्त्याने घरी जातात, हे त्यांच्या आयांना विचारा.

सरकार सांगतं की १९९२ पासून सीएल-२ आणि सीएल-९ चे नवे परवाने देणं बंद आहे. खरं आहे. पण त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव आला. परवाने हस्तांतरित होतात आणि एका भागातून दुसऱ्या भागात हलवले जातात. दुकान जिथे हलतं तिथे पाचवा नियम नव्याने लागू होतो, आणि परवान्याची मुदतही दर वर्षी ३० जूनला संपते. म्हणजे सरकार दर वर्षी नव्याने सही करतं. 'पूर्वीपासूनच आहे' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

सही का होते, याचं उत्तर अर्थसंकल्पात आहे. २०२५-२६ साठी कर्नाटकाने अबकारी उत्पन्नाचं उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठेवलं. २००३ पासून राज्यातला दारूचा घाऊक व्यापार सरकारच्याच पेय महामंडळाकडे आहे आणि एमएसआयएल ही सरकारी कंपनी किरकोळ दुकानंही चालवते. ज्या खात्याने दुकान बंद करायचं, त्याच खात्याला विक्री वाढवण्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं. अशा खात्याकडून १०० मीटरची अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर राज्यातल्या दारूविक्रेत्यांच्या महासंघानेच अबकारी खात्यातल्या लाचखोरीविरुद्ध दुकानं बंद ठेवण्याची हाक दिली होती. परवाना ज्यांच्या खिशात आहे तेच म्हणतात की इथे पैसे मोजल्याशिवाय कागद हलत नाही, तर वस्तीने काय समजायचं?

सरकारला मोजता येत नाही, असं मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितली. १ जुलै २०१७ पासून बंगळुरूच्या एम. जी. रोड, ब्रिगेड रोड परिसरातले बार बंद झाले. लगेच हालचाल सुरू झाली. शहरातून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जा काढून घेण्यासाठी राज्य सरकार धावलं. ११ जुलैला न्यायालयाने पालिका हद्दीतल्या रस्त्यांचा दर्जा बदलण्यात काही गैर नाही असं स्पष्ट केलं आणि वाट मोकळी झाली. तिथे एकेक मीटर मोजला गेला, नकाशे काढले गेले, वकील उभे राहिले. इंदिरानगरच्या रहिवाशांनीही पबच्या आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. पण त्यांच्याकडे रहिवासी संघटना होती, लेटरहेड होतं, निवृत्त अधिकारी होते, इंग्रजी वर्तमानपत्रं होती. वस्तीतल्या बाईने तक्रार केली की पोलीस चौकीत तिला आधी विचारतात, 'तुझा नवरा पितो ना?'

हा प्रश्न नीट पाहा. दारूच्या परवान्याची तक्रार तिथे नवऱ्याच्या चारित्र्याची तक्रार होऊन जाते. शहरातल्या जुन्या क्लबात पिणाऱ्यांच्या वाट्याला हे कधी येत नाही. बँगलोर क्लबात विन्स्टन चर्चिलची १३ रुपयांची बुडीत उधारी आजही कौतुकाने दाखवली जाते. त्यांची उधारी वारसा, आपली उधारी व्यसन.

म्हणून दारूबंदीच्या बाजूने मी हे लिहीत नाही, हे सांगायला हवं. दारूबंदीच्या राजकारणात सवर्ण सुधारकांनी कष्टकरी जातींना कायम 'सुधारायची माणसं' मानलं. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ ला जयपाल सिंग मुंडा यांनी दारूबंदीच्या कलमाला विरोध केला तो आदिवासींच्या धार्मिक जीवनाचा हवाला देऊन. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात तर पैसा उभा करण्याच्या उपायांमध्ये दारूबंदी रद्द करून अबकारी उत्पन्न वाचवणं हा एक उपाय होता. त्याच बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचं आहे की माणसाने स्वतःहून घेतलेली प्रतिज्ञा आणि पोलिसाने लादलेली बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिहारमध्ये २०१६ नंतर तुरुंग कुणाने भरले ते आपण पाहिलंच. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरक बंद केली, तेव्हा पिणारा माणूस स्वस्त 'विदेशी' दारूकडे वळला आणि तिजोरी आणखी भरली.

बेकायदा दारूचा धोकाही आपल्याच माथी असतो. १९८१ च्या जुलैमध्ये बंगळुरू आणि आसपास विषारी दारूने ३०० हून अधिक माणसं मेली, गरीब वस्त्यांमधली. जेम्स मॅनर यांनी या घटनेवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी ते जरूर वाचावं, आपत्ती जात आणि वर्ग पाहून कशी येते हे त्यातून समजतं.

मला भावतं ते जोतीरावांचं पाऊल. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं. पिणाऱ्याला उपदेश करण्याऐवजी त्यांनी दुकानाला परवानगी देणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारला आणि दुकानांवर कर बसवण्याची मागणी केली. आपली भूमिका याच्या जवळ जाणारी असावी असं मला वाटतं.

वस्तीत परवाना नको ही अटच दलितांना दुबळं ठरवते, असा आक्षेप एका मित्राने घेतला. आक्षेपात तथ्य आहे, साठच्या दशकातल्या अधिकाऱ्यांची पालकत्वाची भाषा तिच्यात आहेच. पण ज्या वस्तीत बाग नाही, वाचनालय नाही, बँक नाही, तिथे सरकारचं सगळ्यात आधी पोचणारं तोंड दारूच्या दुकानाचं असावं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उद्या अट बदलायची तर बदलू, पण तोवर ती पाळावी लागेल.

आणि बायका हे मागत आल्याच आहेत. जानेवारी २०१९ मध्ये चित्रदुर्गहून निघालेल्या हजारो ग्रामीण बाया सुमारे २०० किलोमीटर चालत ३० तारखेला बंगळुरूत पोचल्या, त्यांत दलित-बहुजन बाया मोठ्या संख्येने होत्या. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाने निदान मतदानाची सोय तरी आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं आणि आडवी बाटली जिंकली की दुकान बंद. मात्र मेख अशी की, मतदानाला आलेल्यांपैकी नाही, तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. ऊसतोडीला गेलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना-हरकत लागेल. चांगलं आहे. पण झोपडपट्टीला सोसायटी नसते, मग तिचं ना-हरकत कुणी द्यायचं?

खोडे डिस्टिलरीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की दारूचा धंदा करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. तेव्हा 'दुकानदाराच्या पोटावर पाय' हा युक्तिवाद ऐकून गप्प बसू नका. अबकारी कायद्याच्या कलम २९ खाली परवाना निलंबित करता येतो, रद्दही करता येतो. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ सांगतं की कुठल्या खात्याने कुणाला परवाने दिले, ही यादी खात्याने न मागता प्रसिद्ध करायची असते.

घरात पहिल्यांदा पदवी आलेल्या आपल्यासारख्यांचा इथे नेमका उपयोग आहे. वस्तीत राहून दुकानाविरुद्ध सही करणं धोक्याचं असतं, दुकानाचा माणूस संध्याकाळी दारात येतो. माहितीचा अर्ज मात्र देशातला कुठलाही नागरिक कारण न सांगता करू शकतो. वस्तीबाहेर, दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्याने तो करावा. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, शुल्क १० रुपये, आणि कन्नडमध्ये लिहिला तर उत्तम. विषय एकच ठेवा, अमुक दुकानाचा परवाना. मागायचं ते असं : परवान्याची प्रत, जागेच्या पाहणीचा अहवाल, अंतर मोजल्याचा नकाशा आणि वस्तीची लोकसंख्या ठरवताना आधार धरलेला कागद. शेवटचा कागद आवर्जून मागा. तो फाईलमध्ये नसेल तर नसल्याचं लेखी उत्तर घ्या, तक्रारीला ते अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतं. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला आणखी महिनाभर लागतो. परवाना ३० जूनला संपतो, म्हणून अर्ज मार्चमध्येच जायला हवा आणि हरकत मेअखेर अबकारी उपायुक्तांच्या टेबलावर, पोच घेऊन.