येन स्वस्त झाला, मग चौघांची जपान ट्रिप स्वस्त का होत नाही?

‘दीड लाखात जपान’, ‘येन पडलाय, आत्ताच निघा’, ‘युरोपपेक्षा जपान स्वस्त’. गेल्या दोन वर्षांत अशी एखादी रील तुमच्या फोनवर नक्की येऊन गेली असेल. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीतल्या फॅमिली ग्रुपवरही ती फिरते. मग कोणीतरी विचारतं, “मे महिन्यात जाऊया का?” आणि गाडी खर्चाच्या आकड्यावर येऊन थांबते.

जपानला जाणाऱ्या भारतीयांची संख्या खरंच वाढली आहे. जपानच्या पर्यटन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये सुमारे १ लाख ७६ हजार भारतीय तिथे गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २ लाख ३३ हजारांवर गेला. जगभरातून जपानला येणाऱ्यांची संख्या २०२५ मध्ये ४ कोटींच्या पुढे गेली. यामागचं मोठं कारण म्हणजे घसरलेला येन.

पण येन नेमका कोणासाठी स्वस्त झाला? आणि उपनगरात राहणाऱ्या, वर्षभर पैसे साठवून पहिल्यांदाच जपानला निघालेल्या चौघांच्या कुटुंबाला त्याचा किती फायदा होतो? हिशोब मांडून बघू.

येन घसरला, पण रुपयाही घसरला

२०१२ मध्ये १ डॉलरला साधारण ८० येन मिळायचे. २०२४-२५ मध्ये साधारण १५० येन मिळत होते. जुलै २०२४ मध्ये तर येन १६० च्याही खाली घसरला होता. म्हणजे अमेरिकन पर्यटकासाठी जपान जवळपास निम्म्या किमतीत आलं. ‘जपान स्वस्त’ ही चर्चा मुख्यतः तिथून सुरू झाली.

आता आपल्या बाजूने बघा. २०१२ मध्ये १ डॉलर साधारण ५३ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो ८७ च्या आसपास गेला. त्यामुळे १ येन २०१२ मध्ये साधारण ६७ पैशांना पडायचा आणि २०२५ मध्ये साधारण ५८ पैशांना. म्हणजे आपल्याला मिळालेली सूट १३-१४ टक्के. अमेरिकन माणसाला ती ४५ टक्क्यांच्या वर मिळाली.

त्यात बाजारातला दर तुम्हाला मिळत नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला २ ते ३.५ टक्के जादा आकार लागतो. त्यामुळे बजेट करताना १ येन म्हणजे ६० पैसे धरणं सुरक्षित. हिशोबही सोपा होतो : १,००० येन म्हणजे ६०० रुपये.

जपाननेही दर वाढवले आहेत

गर्दी वाढली तसे जपानने पर्यटकांवरचे आकारही वाढवले.

सगळ्यात मोठी वाढ रेल्वे पासात झाली. परदेशी पर्यटकांसाठीचा ७ दिवसांचा जेआर पास १ ऑक्टोबर २०२३ ला २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला.

क्योटो शहराने १ मार्च २०२६ पासून हॉटेलमधल्या मुक्कामावरचा कर वाढवला. माणशी एका रात्रीचं भाडं ६,००० ते २०,००० येनच्या दरम्यान असेल तर माणशी रोज ४०० येन कर लागतो. अतिमहाग खोल्यांसाठी तो १०,००० येनपर्यंत जातो. हिमेजीच्या किल्ल्यात त्याच दिवसापासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन आणि स्थानिकांना १,००० येन असं वेगवेगळं तिकीट सुरू झालं.

जपान सोडताना विमान तिकिटातूनच वसूल होणारा कर १,००० येन होता. जुलै २०२६ पासून तो ३,००० येन करण्याचा निर्णय झाला आहे. चौघांचे मिळून १२,००० येन, म्हणजे ७,२०० रुपये.

यातली एकेक रक्कम फार मोठी नाही. पण घसरलेल्या येनमुळे मिळालेल्या १३-१४ टक्क्यांतला बराच भाग यातच परत जातो.

चौघांचा हिशोब

आई, बाबा, १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरू. ९ रात्री, १० दिवस. ५ रात्री टोकियो, ४ रात्री ओसाका. खालचे आकडे कोणाचं कोटेशन नाही. मध्यम काटकसर धरून केलेला हा अंदाज आहे. तुमचे आकडे घालून तो पुन्हा करा.

• विमान : माणशी ६०,००० रुपये धरले तर २,४०,००० रुपये
• हॉटेल : दोन छोट्या खोल्या, रोज २४,००० येन. ९ रात्रींचे २,१६,००० येन
• टोकियो ते ओसाका बुलेट ट्रेन, एकेरी : सुमारे ५२,००० येन
• शहरातला रोजचा प्रवास : ३५,००० येन
• खाणं : माणशी रोज २,५०० येन, एकूण १,००,००० येन
• प्रवेश तिकिटं : ४०,००० येन. यात डिस्नेलँड किंवा युनिव्हर्सल स्टुडिओ नाही
• व्हिसा, प्रवास विमा, ई-सिम, विमानतळापर्यंतची टॅक्सी : ३०,००० रुपये

जपानमधला खर्च झाला ४,४३,००० येन, म्हणजे साधारण २ लाख ६६ हजार रुपये. एकूण सुमारे ५ लाख ३६ हजार. त्यावर १० टक्के हाताशी ठेवले तर ५ लाख ९० हजारांच्या आसपास.

म्हणजे रील खोटं बोलत नाही. माणशी जवळपास दीड लाखच होतात. पण रीलमधला एकटा मुलगा होस्टेलच्या बंक बेडवर झोपतो, रात्रीच्या बसने फिरतो. तुमच्या कुटुंबाला दोन खोल्या लागतात. आणि दीड लाखाला चारने गुणायचं असतं.

पैसा खरा कुठे वाचतो?

याच हिशोबात थोडे बदल करून बघा.

येनचा दर ५ पैशांनी बदलला, तर एकूण फरक पडतो सुमारे २२,००० रुपयांचा.

विमानाचं तिकीट माणशी १५,००० ने वाढलं, तर फरक ६०,००० रुपयांचा.

आणि ‘जपानला गेलो की जेआर पास घ्यायचाच’ असं समजून चौघांचे पास घेतले तर? तीन प्रौढांचे १,५०,००० येन, मुलाचे अर्ध्या दराने २५,००० येन. एकूण १,७५,००० येन. जिथे ५२,००० येनमध्ये काम होत होतं, तिथे सुमारे ७४,००० रुपये जास्त गेले. (१२ वर्षांपुढच्या शाळकरी मुलांना पूर्ण भाडं लागतं, म्हणून मुलगी प्रौढांत धरली.)

म्हणजे रोज येनचा दर बघत बसण्यापेक्षा तारखा आणि मार्ग नीट ठरवण्यात कितीतरी जास्त पैसे वाचतात. आणि हे दोन्ही मुंबईत बसूनच ठरतं.

तारखा : मे महिना चालेल, पण पहिला आठवडा नको

चेरी ब्लॉसम टोकियो-क्योटोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. तेव्हा आपल्याकडे परीक्षा चालू असतात आणि तिकडे हॉटेलं महाग असतात. त्यामुळे तो हट्ट सोडलेला बरा.

२९ एप्रिल ते ५-६ मे या काळात जपानमध्ये ‘गोल्डन वीक’ असतो. अख्खा जपान सुट्टीवर असतो. हॉटेलं आणि बुलेट ट्रेन दोन्ही भरलेली. आपल्या शाळांना सुट्टी लागली म्हणून १ मेची तिकिटं काढणाऱ्यांची इथे फसगत होते.

गोल्डन वीक संपल्यावर मेअखेरपर्यंतचे दिवस मात्र आपल्या शाळांच्या वेळापत्रकात छान बसतात. हवा सुखद असते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होणारा तिथला पावसाळा अजून लांब असतो. दिवाळीची सुट्टी हा दुसरा पर्याय. फक्त नोव्हेंबरच्या मध्यापासून क्योटोत लाल पानांचा हंगाम येतो आणि दर चढतात, हे लक्षात ठेवा.

मार्ग : आलात तिथूनच परत जायची गरज नाही

टोकियोत उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत यायचं असं तिकीट शोधा. त्याने बुलेट ट्रेनचं परतीचं भाडं वाचतं आणि एक दिवसही. तिकीट साइटवर ‘मल्टी-सिटी’ पर्यायात ते मिळतं.

क्योटोत न राहता ओसाकात राहा. क्योटो तिथून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर, नारा एका तासाच्या आत. बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्याला हे अंतर म्हणजे काहीच नाही. ओसाकातही मुक्कामावर कर आहे, पण मध्यम दराच्या खोलीसाठी तो क्योटोपेक्षा कमी आहे.

बुलेट ट्रेनमध्येही आपल्यासारखंच फास्ट-स्लो असतं. ‘नोझोमी’ फास्ट, ‘कोडामा’ प्रत्येक स्टेशनवर थांबणारी स्लो. शहरात फिरायला सुइका किंवा इकोका कार्ड पुरतं.

विमानाचं बघताना एक काळजी घ्या. बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. बहुतेक वेळा सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, त्या देशाचे प्रवेशाचे नियमही लागू होतात. मुलं सोबत असतील तर एकाच बुकिंगमधलं तिकीट थोडं महाग असलं तरी परवडतं.

व्हिसा : इथे घाई सगळ्यात महाग पडते

१ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. पण ‘ई’ आहे म्हणून घरबसल्या दोन मिनिटांत होतो असं नाही. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातूनच जातो. पासपोर्टवर स्टिकर लागत नाही, फोनवर व्हिसाचं पान येतं. विमानतळावर ते इंटरनेट चालू ठेवून दाखवायचं असतं. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही.

अर्जासोबत बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि कोणत्या दिवशी कुठे असाल याचा तक्ता लागतो. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आणून ठेवणं टाळा. पैसे नियमित साठत आलेले दिसायला हवेत.

महत्त्वाचं म्हणजे, जपानने व्हिसा नाकारला तर त्याच कारणासाठी ६ महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. सुट्टी गेलीच. त्यात हॉटेल आणि तिकिटं ‘नॉन-रिफंडेबल’ घेतली असतील तर पैसेही गेले. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग करा, ते थोडं महाग असलं तरी.

टूर कंपनी की स्वतः?

मराठी कुटुंबाची पहिली परदेशवारी वर्षानुवर्षं केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांबरोबर होत आली आहे. त्यात वावगं काही नाही. आजी-आजोबा सोबत असतील, जेवणाची चिंता असेल, तर ग्रुप टूरमध्ये मिळणारी निश्चिंती पैसे देऊन घेण्यासारखी असते. तुलना करताना फक्त दुपारचं जेवण, प्रवेश तिकिटं, टिप आणि व्हिसा किमतीत आहेत का ते विचारा.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून त्याचा दर २ टक्के आहे. आधी १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. हा कर आयकरातून वळता करून घेता येतो, त्यामुळे पावती जपून ठेवा.

खाणं : शाकाहारी घरांसाठी

घाटकोपर-मुलुंडमधल्या अनेक घरांचा खरा प्रश्न हाच असतो. जपानमध्ये सूप, नूडल्स आणि सॉसमध्ये ‘दाशी’ असतं, आणि ते बहुतेकदा माशापासून बनतं. भाजी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी असेलच असं नाही. भाषांतराचं अ‍ॅप वापरून पाकिटावरचे घटक वाचा. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे आपलं जेवण मिळतं.

थेपले, चिवडा, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा बॅगेत टाकलेत तर नाश्त्याचा खर्च वाचतो. मात्र मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर जप्त होतात. त्यामुळे मे महिन्यात कोणासाठी प्रेमाने हापूसची पेटी नेऊ नका.

मंदिरं-देवळांबाबत चिंता नको. टोकियोचं सेन्सो-जी, मेइजी श्राइन, क्योटोचं फुशिमी इनारी इथे प्रवेश मोफत आहे. नाराच्या बागेतली हरणंही मोफत बघता येतात. शिंजुकूतल्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीवरून अख्खं शहर फुकटात दिसतं.

आणि ईएमआय?

‘आधी फिरा, नंतर भरा’ अशा जाहिराती आता सगळीकडे दिसतात. ६ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी २ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे २८,८०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९१,००० रुपये. येनच्या १३-१४ टक्के सुटीत जपानमधल्या खर्चावर जेवढे वाचले असते, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम व्याजात गेली.

त्यापेक्षा आजपासून महिन्याला २५,००० बाजूला काढले तर २ वर्षांत ६ लाख होतात. हप्त्यापेक्षा कमीच पैसे, फक्त ट्रिपच्या आधी भरलेले. तोवर येन कुठे असेल हे कोणी सांगू शकत नाही. पण त्याने तुमचा हिशोब फार हलत नाही, हे वर पाहिलंच.