युनिटचा खेळ सॉल्ट लेकवर

कोलकात्यात ड्युरंड कप जवळ आला की आमच्या बराकीत वाद पेटतो. आर्मीच्या संघानं आयएसएलच्या क्लबांसमोर आपला खेळ खेळावा, की त्यांचा?

आपला खेळ म्हणजे काय, हे युनिटचे सामने पाहिलेल्यांना सांगायला नको. मागून लांब चेंडू, विंगरनं कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत धाव घ्यायची, उंच क्रॉस आणि गोलसमोर सर्वांत उंच गडी. दमसास आपलाच जास्त, त्यामुळे आपसातल्या स्पर्धांत हे खपून जातं. क्लबचा स्टॉपर मात्र असा क्रॉस दिवसभर डोक्यानं परतवेल. वर विंगर पुढे अडकलेला, त्याच्या मागची जागा मोकळी. गोल तिथूनच होतो.

मग तरुण पोरं म्हणतात, गोलकीपरपासून छोटे पास देत चढू. मला हे पटत नाही. हल्ल्याची नवी तऱ्हा बरोबरीच्या संघासमोर किती फसवी ठरते, हे याच गावानं पाहिलंय. 1997 च्या फेडरेशन कपात अमल दत्तांच्या मोहन बागाननं ‘डायमंड’ पद्धतीनं चर्चिल ब्रदर्सला सहा गोल मारले. उपांत्य सामन्यात, 13 जुलैला, सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालनं त्याच संघाला 4-1 नं लोळवलं. तीन गोल एकट्या भाईचुंग भुतियाचे. पुढे धावलेल्यांच्या मागची जागा त्यानं सोडली नाही.

आपली धाव तीच ठेवावी, असं माझं मत. फक्त शेवटचा चेंडू उंच न टाकता जमिनीवरून मागे द्यावा, मागून येणाऱ्या हाफला. आणि विंगर निघाला की एका हाफनं त्याची जागा धरावी. एवढं दोन आठवड्यांच्या कॅम्पमध्ये बसवता येतं; छोट्या पासांचा खेळ बसायला अख्खा मोसम लागतो. 2023 च्या उपांत्यपूर्व सामन्यात आर्मी नॉर्थईस्ट युनायटेडकडून हरली ती 1-0 नं. एवढंच अंतर आहे.

आमचे सुभेदारसाहेब, जुने सेंटर फॉरवर्ड, ऐकायला तयार नाहीत. “उंच पोरगा उभा केलाय, तर चेंडू खालून कशाला?” यंदा त्यांच्याच शेजारी बसून सामना बघणार आहे.