जुन्या यंत्राचा घसारा

दुकानातील यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा लावला जातो. काही वर्षांनी तिची पुस्तकी किंमत नगण्य उरते. परंतु तेवढ्यासाठी चालते यंत्र कोणी भंगारात काढीत नाही. घरातील वस्तूंच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. होम थिएटरचा जुना रिसीव्हर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी २००८ साली रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर असा संच आला. पुढे मोठा फोरके टीव्ही आला आणि अडचणी सुरू झाल्या. नवी उपकरणे रिसीव्हरमधून जोडली की चित्र कमी प्रतीचे येई, कधी मुळीच येत नसे. शेवटी रिसीव्हर बंद ठेवून टीव्हीच्याच आवाजावर काम भागवले जाऊ लागले. ऐकू कमी येणाऱ्या आप्पांना त्या आवाजातील संवाद कळेनात. प्रत्येक वाक्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारणे त्यांना संकोचाचे वाटे. हळूहळू ते रात्री आपल्या खोलीतच बसू लागले.

मुलाने नव्या रिसीव्हरचे दरपत्रक आणले. घरात या कामासाठी वीस हजार रुपये बाजूला काढले होते. दरपत्रकातील आकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. उरलेली रक्कम हप्त्यांनी द्यावी, असा मुलाचा आग्रह होता. वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘यातला नेमका कोणता भाग जुना झालाय?’’

प्रश्न व्यापाऱ्याचा असला तरी त्याचे उत्तर तांत्रिक होते. रिसीव्हर म्हणजे एका पेटीत दोन वस्तू असतात. एक ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणारा भाग; दुसरा, चित्र व आवाजाचे डिजिटल संकेत घेणारा भाग. पहिल्याचा घसारा मंद, दुसऱ्याचा अतिशय वेगवान. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच रिसीव्हरकडे परत नेणारी ‘एआरसी’ सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली. सेकंदाला ६० चौकटींचे फोरके चित्र वाहून नेण्याची क्षमता २०१३ च्या २.० मध्ये. २००८ च्या पेटीकडून या गोष्टींची अपेक्षा करणेच गैर. तिचा ॲम्प्लिफायर मात्र ठणठणीत होता.

तेव्हा रिसीव्हरला चित्राच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात आले. सेट-टॉप बॉक्स व इतर उपकरणे थेट टीव्हीला जोडली आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत काही शे रुपयांची ऑप्टिकल केबल टाकली. टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत ‘पीसीएम’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ निवडताच पाचही स्पीकर बोलू लागले. काही टीव्ही बाहेरच्या उपकरणांचा आवाज ऑप्टिकल मार्गाने केवळ दोन वाहिन्यांत देतात, तर काही नव्या टीव्हींना हा मार्गच नसतो. म्हणून केबल घेण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहावी.

आप्पांची अडचण तरीही पुरती सुटली नव्हती. चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात आणि तो स्पीकर कपाटाच्या काचेमागे होता. तो पुढे काढून बसणाऱ्याच्या कानाच्या रोखाने किंचित वर कलवला, रिसीव्हरमध्ये त्याची पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि मोठ्या व हळू आवाजांतील अंतर कमी करणारी रात्रीची मांडणी सुरू केली. या तिन्ही गोष्टींना एक पैसाही लागला नाही.

या व्यवस्थेची नावे बाजूही सांगितली पाहिजे. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी ॲटमॉस किंवा मूळ प्रतीचा असंकुचित बहुवाहिनी आवाज मिळत नाही. आवाज कमी-जास्त करण्यासाठी रिसीव्हरचा रिमोट वेगळा हाताळावा लागतो. ज्या घरी याच गोष्टींचे महत्त्व असेल, तेथे नव्या रिसीव्हरचा खर्च योग्य ठरेल. मात्र तो ‘ईएआरसी’ असलेला घ्यावा आणि वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. एकच वाहिनी चालवून मोजलेले वॅट आणि दोन वाहिन्या पूर्ण ध्वनिपट्ट्यात चालवून मोजलेले वॅट यांत बराच फरक असतो. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र आणवायचे असल्यास ते १२० व्होल्टचे नाही ना, याची आधी खात्री करावी.

जुन्या यंत्राचीही निगा हवी. उष्णतेने त्यातील कपॅसिटर लवकर खराब होतात. म्हणून पेटीवर व बाजूंना हवा खेळेल एवढी जागा ठेवावी. खरखर, एखादी वाहिनी मुकी होणे किंवा यंत्र वारंवार आपोआप बंद पडणे ही लक्षणे दिसल्यास दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. तो नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीजवळ गेला, तर मात्र मोह सोडावा आणि जुने यंत्र अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.

सांगलीच्या त्या घरी वीस हजारांतील बहुतेक रक्कम शिल्लक राहिली व ठेवीत गेली. आप्पा आता रात्री पुन्हा दिवाणखान्यात येऊन बसतात. रिसीव्हरचा रिमोट त्यांच्याच हाती असतो; आवाज फार झाला की सूनबाई आतून हाक मारतात आणि ते, नाखुशीनेच, दोन अंशांनी कमी करतात.