कायदा कठोर, साक्षीदार मात्र घरातच

ब्रिटनने स्त्रियांच्या खतन्यावर १९८५ मध्येच बंदी घातली. परंतु या गुन्ह्यात पहिली आरोपी दोषी ठरली ती तब्बल ३४ वर्षांनी, २०१९ मध्ये. लंडनमधील त्या महिलेला स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीवरील अत्याचारासाठी ११ वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात ही प्रथा थांबली होती, असे नव्हे. ती घराच्या उंबऱ्याबाहेर येत नव्हती, इतकेच.

मुलींना सुटीत मायदेशी नेऊन खतना उरकला जाई. म्हणून २००३ च्या कायद्याने परदेशात केलेले कृत्यही गुन्हा ठरवले आणि कमाल शिक्षा १४ वर्षांवर नेली. २०१५ मध्ये डॉक्टर व शिक्षकांवर पोलिसांना कळविण्याचे बंधन आले. तरीही आईविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य लहान मुलीने कोठून आणावे?

फ्रान्समध्ये या प्रथेसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वसाधारण फौजदारी कलमांखालीच खटले चालतात. १९९९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने खतना करणाऱ्या एका महिलेला आठ वर्षांची शिक्षा ठोठावली, शिवाय मुलींच्या पालकांनाही दोषी ठरवले. या प्रकरणाला तोंड फुटले ते स्वतः बळी ठरलेल्या एका तरुणीमुळे.

या प्रथेला धर्माचा आधार सांगितला जातो. पण आफ्रिकेत मुस्लिमांप्रमाणे काही ख्रिस्ती समाजांतही ती आढळते. मुलीचे लग्न जमावे, समाजात मान राहावा, या भावनेने आयाच तिच्यासाठी पुढाकार घेतात. परक्या देशात ओळख पुसली जाण्याच्या भीतीने हा आग्रह कधी अधिकच घट्ट होतो. वंशभेदाचा ठपका येईल म्हणून अधिकारीही कचरतात आणि किंमत मोजते ती मुलगी.

हा प्रश्न मुंबईपासूनही दूर नाही. दाऊदी बोहरा समाजातील या प्रथेवरून ऑस्ट्रेलियात झालेली शिक्षा अपिलात रद्द झाली, पण अपिलातील तो निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्दबातल ठरवला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा विषय मोठ्या पीठाकडे सोपविला. या समाजातील स्त्रियाच आता उघडपणे विरोधात बोलू लागल्या आहेत. कायदा गुन्हेगाराला शिक्षा देऊ शकतो. पुढच्या मुलीला वाचवायचे, तर या स्त्रियांचा आवाज घराघरांत पोहोचला पाहिजे.