सलग दहा वेळा बरोबर!

भारतीय संघ एकदिवसीय सामन्यांत सलग २० वेळा नाणेफेक हरला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून सुरू झालेली ही रांग ६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला संपली. मधल्या काळात रोहित शर्मा, के. एल. राहुल आणि शुभमन गिल असे कर्णधार बदलले, पण नाणे काही आपल्या बाजूने पडेना. तेव्हा गप्पांमध्ये एक आकडा सतत ऐकू यायचा: असे घडण्याची शक्यता दहा लाखांत एक!

आकडा बरोबर आहे. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ होतो. पण हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे आहे. ‘आजपासून, याच संघाच्या, पुढच्या वीस नाणेफेकी हरतील का’ असे आधी विचारले असते, तर दहा लाखांत एक. आपण मात्र घडून गेल्यावर बोट ठेवतो. आजवर जवळजवळ पाच हजार एकदिवसीय सामने झाले, प्रत्येकात दोन संघ, म्हणजे अशी रांग सुरू होऊ शकेल अशा सुमारे दहा हजार जागा. हा हिशोब धरला तर कुठल्या तरी संघाच्या वाट्याला कधी तरी अशी रांग येण्याची शक्यता साधारण दोनशेत एक निघते. दुर्मीळ खरी, पण चमत्कार नव्हे.

हे गणित आम्ही इथे मांडतो आहोत ते क्रिकेटच्या कौतुकापोटी नाही. आपल्या इंदुरातल्या घराघरांतली मुले मोबाइलवर सट्टा खेळताहेत, आणि त्यांच्याशी बोलायला बसले की एकच वाक्य कानावर येते: ‘काका, तो माणूस सलग दहा वेळा बरोबर निघाला.’ तो माणूस म्हणजे टेलिग्रामवर टिप देणारा कुणी तरी. त्याचे नाव-गाव ठाऊक नसते, पण त्याची ‘रांग’ पाठ असते.

आयपीएलच्या एका हंगामात ७४ सामने असतात. समजा, हजार माणसांनी प्रत्येक सामन्याचा विजेता निव्वळ छापा-काटा करून ठरवला. क्रिकेटचे काडीचे ज्ञान नाही, असेच धरा. तरी हंगाम संपेपर्यंत त्यांतल्या तीसेक जणांची कधी ना कधी सलग दहा भाकिते खरी ठरलेली असतील. आणि दहाच मित्रांचा गट घेतला, तर त्यांतल्या एकाची तरी सलग सहा खरी ठरणे जवळजवळ नक्कीच. तोच मग गटातला ‘जाणकार’ होतो. बाकीच्या नऊ जणांनी काय सांगितले होते, हे कुणी लक्षात ठेवत नाही. ते स्वतःही नाही.

ही झाली प्रामाणिक माणसांची गोष्ट. लबाडाला तर नशिबाचीही गरज नसते. तो १,०२४ जणांना संदेश पाठवतो. निम्म्यांना सांगतो मुंबई जिंकेल, निम्म्यांना चेन्नई. निकालानंतर ज्यांना चुकीचे सांगितले त्यांना सोडून देतो, उरलेल्या ५१२ जणांची पुन्हा वाटणी. मग २५६, १२८... दहा सामन्यांनंतर एकच माणूस उरतो, ज्याच्यापुरते हे भाकीत दहाही वेळा अचूक होते. त्याच्याकडे अकराव्या टिपेचे पैसे मागितले तर तो आनंदाने देतो. त्याला मूर्ख म्हणू नका. त्याच्या हाती असलेला पुरावा खराच आहे, फक्त उरलेले १,०२३ जण त्याला दिसत नाहीत.

आता बुकीच्या बाजूने पाहू. बरोबरीच्या सामन्यात दोन्ही संघांवर भाव १.९० असतो असे धरू, म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर १९० हाती. दोन रुपयांच्या जागी एक रुपया नव्वद पैसे. दहा पैशांकडे कोण बघतो? पण जिंकलेले सगळे पैसे पुढच्या सामन्यावर लावत सलग दहा जिंकले, तर शंभराचे सुमारे ६१,३०० होतात. न्याय्य भावाने १,०२,४०० व्हायला हवे होते. म्हणजे हजारात एखाद्याच्या वाट्याला येणारी रांग तुम्हाला लाभली, तरी तिच्यातला चाळीस टक्के वाटा बुकीने आधीच काढून घेतलेला असतो.

आणि उलटी रांगही तितकीच सहज येते. ‘हरलो की डबल लावायचे, एकदा जिंकलो की सगळे वसूल’ ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शंभरापासून सुरुवात करून दहा वेळा हरलात, तर गेले १,०२,३००. अकराव्यांदा एक लाखाच्या वर लावायचे, तेही मूळचे शंभरदेखील पूर्ण सुटत नाहीत अशा भावात. एवढे पैसे कॉलेजच्या मुलाकडे येतात कुठून? आधी मित्रांकडून, मग कर्ज देणाऱ्या अॅपवरून, मग आईच्या कपाटातून.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण पोलिसांच्या धाकाने मूल घरी काही सांगणारच नाही. पण टिपा देणारे चॅनेल नावे बदलत राहतात. म्हणून मुलाने ‘सलग दहा’ची गोष्ट सांगितली, तर रागावण्याआधी त्याला एवढेच विचारा: त्या माणसाने हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून दिलेली प्रत्येक टिप, तारखेसकट, एका जागी दिसते का? आणि तो आणखी किती नावांनी किती चॅनेल चालवतो?